अंतरपाटाच्या दोन्ही बाजू

जुना टीव्ही तापला की त्याच्या पाठीमागून जळक्या धुळीचा एक वास येतो. परवा नांदेडहून अहमदपूरला आईकडे गेले आणि उंबऱ्यातच तो वास आला. आई दुपारची मालिका बघत बसली होती, आणि मला गेल्या उन्हाळ्यातले ते गोंधळाचे आठवडे आठवले. शाळेत मी मुलांना गुणोत्तर शिकवते. पण सोळास नऊ आणि चारास तीन एवढ्याशा आकड्यांनी तेव्हा माझं डोकं पार चक्रावून टाकलं होतं.

निमित्त होतं धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओचं. आमच्याकडे अक्षता पडत असताना नवरीची आई मांडवात थांबत नाही. ती बाजूच्या परसात तुळशीला पाणी घालत असते. लग्न आमच्याच दारात झालं, आणि जिनं ते सगळं निभावून नेलं तिला लागतानाचं तेवढं लग्न दिसलं नाही. धाकटी लांबच्या गावी गेल्यावर आईला ते एकदा बघायचं होतं. मी मोबाइल पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. म्हणाली, "लग्न काय हातात धरून बघायचं असतं का?" तिला ते आपल्या जागेवर बसून, आपल्या टीव्हीवर हवं होतं. नवा घेऊ म्हटलं, तर चालत्या वस्तूला घराबाहेर काढणाऱ्या माणसाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

मग मी पेनड्राइव्ह आणला, सीडी प्लेयरला लावला, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी एकदाच्या जागच्या जागी बसवल्या आणि लग्न सुरू केलं. पडद्यावर सगळं गाव उंच आणि किडकिडीत. सोळास नऊचं रुंद चित्र त्या चारास तीनच्या चौकोनी काचेत दाटीवाटीनं कोंबलं गेलं होतं. आमचा गोलमटोल मामा शेवग्याच्या शेंगेसारखा झालेला पाहून मला हसू आवरेना. आई हसली नाही.

"एवढी वाळली होती का गं ती? माझ्या ध्यानात कसं न्हाई आलं?"

मी समजावलं की मामाही वाळलाय, घोडाही वाळलाय, हा सारा काचेचा खेळ आहे. तिनं मान डोलावली. पण अंतरपाट धरायच्या आधीच बंद करायला लावलं. संध्याकाळी धाकटीचा मला वैतागून फोन आला. आईनं तिला जेवणात काय काय असतं ते खोदून खोदून विचारलं होतं.

नांदेडला परतून मी लॅपटॉपवर खटपट केली. चित्राच्या दोन्ही कडा कापल्या की चेहरे जसेच्या तसे राहतात, एवढं मला उमगलं होतं. पुढच्या रविवारी आईनं पदरानं काच पुसली आणि मांडी घालून बसली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पडद्यावर मधोमध नुसता अंतरपाट. नवरी डाव्या कडेसोबत कापली गेली, नवरा उजव्या. अक्षता आपल्या त्या कापडावर पडताहेत.

आईनं शांतपणे विचारलं, "लगीन कुणाचं लागून राहिलं हे?"

मी ओशाळले. माणसं ठेवावीत तर चेहरे बिघडतात, चेहरे राखावेत तर माणसंच जातात. यातलं खरं लग्न कोणतं, हे मलाही कळेनासं झालं होतं.

तिसऱ्या खेपेला मी वर-खाली काळ्या पट्ट्या सोडल्या. चित्र लहान झालं, पण त्यात सगळे मावले. आईनं आधी वाकून खालच्या पट्टीत डोकावून पाहिलं आणि मी काय झाकलंय ते विचारलं. काही नाही, ती जागाच रिकामी आहे, असं मी म्हटलं. तिला ते अर्धवटच पटलं. तेवढ्यात अंतरपाट आला. या बाजूला नवरी, त्या बाजूला नवरा, नवरीमागे करवली म्हणून दिवा धरून उभी असलेली मी. सगळ्यांचे डोळे भटजींकडे. एकट्या नवरीनं मान वळवली, परसाकडे. पुन्हा समोर पाहिलं, पुन्हा वळवली. तिची मान हललेली मी त्या दिवशीही पाहिली होती. मुंडावळ्या टोचत असतील म्हणून मी त्या सरळ केल्या होत्या.

आई सरकत सरकत काचेजवळ गेली. "ती मला बघून राहिली गं," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "अन् मी पाठमोरी."

हेच चित्र मी लॅपटॉपवर मोठं करून किती वेळा पाहिलं होतं, कडा मोजल्या होत्या, कापल्या होत्या. त्या कडेशी काय आहे ते मात्र कधी दिसलं नाही. ते मला कसं दिसलं नाही, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

परवा मालिका संपल्यावर आई म्हणाली, ते लग्न लाव की जरा. मी लावलं. आता ती आपल्या जागेवर बसत नाही, काचेच्या पुढ्यातच बसते. मंगलाष्टकं सुरू झाली, नवरीनं परसाकडे मान वळवली, आणि आई अगदी सहज, शेजारच्या खोलीतल्या माणसाला ओ द्यावी तशी म्हणाली, "हाय गं, हितंच हाय मी."