हिरव्या दिव्याला हार

आगीची घंटा कधीच वाजू नये म्हणून मला ठेवलंय, अशी आमच्या मार्केटच्या कमिटीची प्रामाणिक समजूत होती. सुरतेतलं चार मजली कापड मार्केट, गेटजवळच्या भिंतीवर लाल पेटी. तिला पॅनेल म्हणतात. मी सकाळी डिंडोलीहून यायचो, पेटी पुसायचो, हिरवा दिवा बघायचो. कमिटीच्या शेठना हेही काम जरा जास्तच वाटायचं.

पेटीला तशी अक्कल बेताचीच असते. प्रत्येक मजल्यासाठी तिच्यातून दोन तारा निघतात, छताखालून धूर ओळखणाऱ्या एका डिटेक्टरकडून दुसऱ्याकडे जातात, आणि अगदी शेवटच्या डिटेक्टरपाशी तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा रेझिस्टर बसवलेला असतो. पेटी तारेत थोडासा करंट सोडते. तो त्या दाण्यातून परत आला की तिला कळतं, तार शेवटपर्यंत धड आहे. मध्ये एखाद्या डिटेक्टरला धूर लागला तर तो जास्त करंट ओढतो आणि घंटा होते. तार तुटली किंवा डिटेक्टरच कुणी काढून नेला, तर करंट परत येत नाही. मग पिवळा दिवा लागतो आणि पेटी दिवसभर पिरपिर करते. हे मी शेठना तीनदा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.

घोटाळा देवामुळे झाला, म्हणजे देवाला पुढे करून माणसांनी केला. चौथ्या मजल्यावर जिन्यापाशी मार्केटचा सामाईक देव्हारा. दुकानं उघडली की तिथे धूप असा जाळायचे की मूर्ती दिसू नये. बरोबर वर त्या मजल्याचा पहिला डिटेक्टर. रोज सकाळी घंटा व्हायची आणि रोज सकाळी कुणीही जागचं हलायचं नाही. मी म्हटलं, इथे धुराऐवजी उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावू, देवही राहील आणि घंटाही. शेठ म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू. त्यानंतर मीटिंगा झाल्या, त्यात गरब्याचा मंडप ठरला, डिटेक्टर ठरला नाही.

शेवटी एका भक्ताने स्टुलावर चढून डिटेक्टरच बल्बसारखा फिरवून काढला. घंटा थांबली, पण तार तिथेच तुटली आणि पिवळा दिवा लागला. वॉचमनने पिरपिर ऐकू येऊ नये म्हणून पेटीच्या भोकात चिंधी कोंबली. त्यातच तपासणीचे साहेब यायचे ठरले. शेठनी मला बोलावून एकच वाक्य सांगितलं, "भाई, अमने तो लीली लाइट जोईए." हिरवा दिवा हवा, बाकी काही नको.

मी तो दिला. चौथ्या मजल्याच्या टोकाचा रेझिस्टर काढून आणला, बाहेर जाणाऱ्या तारा सोडवल्या आणि तो दाणा पेटीच्या आतच, तारांच्या जागी बसवला. दोन मिनिटांचं काम. पेटीचा करंट आता घरातल्या घरात फिरून यायला लागला. चौथा मजला जळून खाक झाला असता तरी दिवा हिरवाच राहिला असता. साहेबांनी हिरवा दिवा पाहिला, सही केली. शेठनी पेटीला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पेढे वाटले. मला लाज वाटत होती. पेढा मात्र मी खाल्ला.

आठवड्यानेच बायकोला त्याच मार्केटात काम लागलं. चौथा मजला, साड्यांना इस्त्री करून घड्या घालायच्या खोलीत. तिला त्या पेटीचा कोण अभिमान. यंत्र आमच्या घरच्यांनी बसवलंय, वर काही झालं तर आधी तेच ओरडेल, असं तिने बरोबरच्या दहाबारा बायांना सांगून टाकलं. रोज हार घातलेल्या पेटीला हात जोडून ती वर जायची. मी खाली मान घालून पेटी पुसायचो आणि संध्याकाळी शेठपुढे उभा राहायचो. तेच उत्तर, पुढची मीटिंग. असा महिना गेला. खरं सांगायचं तर शेठचं नाव पुढे करणं मलाही सोयीचं झालं होतं.

मग एक दिवस जेवताना तिने सहज सांगितलं. इस्त्री साडीवरच राहिली, खोलीभर धूर झाला. बाया जिन्याकडे निघाल्या होत्या, पण तिनेच थांबवलं. म्हणाली, "यंत्र नई वाजनं म्हणजे काही नई, बसा." यंत्र वाजलं नाही, म्हणजे आग नाही. मी ताट बाजूला सारलं. तिला वाटलं भाजी तिखट झाली. तिने पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता काढलेला डिटेक्टर देव्हाऱ्यावर पुन्हा बसवला, रेझिस्टर परत टोकाला नेला, पेटीतल्या तारा होत्या तशा जोडल्या. धूप पेटला. घंटा झाली. खालच्या दुकानांतून नेहमीप्रमाणे कुणी उठलं नाही. जिन्यावरून मात्र बारा बाया पदर सावरत उतरल्या, पुढे माझी बायको. शेठ ओरडले, वर जा. आग कुठे आहे ते कळल्याशिवाय बाया जाईनात. साड्या बिनघडीच्या पडून राहिल्या, आणि ज्या कमिटीला सहा महिने सवड मिळाली नव्हती तिने अर्ध्या तासात पायरीवरच मीटिंग घेतली. उष्णतेचा डिटेक्टर मंजूर झाला.

मी बायकोला हळूच सांगितलं, आग नाही, देव्हाऱ्यातला धूप आहे.

तिने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धूपना धूरले वाजनं. मंग त्या दिन इस्त्रीना धूरले का नई वाजनं?"

मी तिला तिथेच, बायांसमोर, सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया गेटपाशी थांबल्या. दिवा हिरवा होता, हार ताजा होता. बायकोने हात जोडले नाहीत. तो दाणा कुठे आहे, एवढंच तिने विचारलं. मी चौथ्या मजल्याकडे बोट केलं. ती एकटी वर गेली, स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली, आणि मग बायांना म्हणाली, चला.