पाव फेरा मागे

बोटीवर सिलिंडरमध्ये हवा भरणाऱ्या माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली. एवढं एक वाक्य कुणापाशी बोलायला मला सात-आठ महिने लागले. इथे बोईसरला सगळे विचारतात, "काय साहेब, दिसला का मोठा मासा?" मी म्हणतो, दिसला. मोबाइलमधला फोटो दाखवतो. ते "बापरे" म्हणतात, मी मोबाइल खिशात टाकतो. बायको म्हणते, "तिकडून आल्यापासून तुम्ही नळसुद्धा भांडल्यासारखा बंद करता." खरं आहे ते. मला राग येतो. त्या बोटवाल्याचा येतो, आमच्या वसाहतीचा येतो, आणि तो फिरून फिरून ज्याच्यावर यायचा त्याच्यावरच येतो.

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागलो, मग पाळी सांभाळायला लागलो, आता सेफ्टी खात्यात आहे. बायको इथलीच, किनाऱ्यावरच्या वाडीतली. इतकी वर्षं समुद्राच्या शेजारी राहूनही मी त्यात गुडघ्याच्या वर कधी गेलो नव्हतो. आमच्या खाडीला कुठल्या दिवशी कुठला रंग येतो हे ज्याला माहीत आहे तो जाणारही नाही. सासऱ्यांना जेव्हा सांगितलं की मालदीवला चाललोय, बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं-झोपायचं आणि दिवसातून तीनदा पाण्याखाली उतरून व्हेल शार्क बघायचे, तेव्हा ते चिकू निवडता निवडता म्हणाले, "समुद्र बगायला विमानानं जाताव? मग आमच्या दारात हाय ते काय, डबकं?" मी हसलो. ते म्हणाले, "हसू नका जावईबापू. डबकं तुमीच केलंय त्याचं." त्यावर मी हसणं थांबवलं.

ही हौस मुलीची. ती बंगळूरला नोकरी करते, पैसे साठवते आणि पाण्यात घालवते. आदल्या वर्षी तिने मलाही डायव्हिंग शिकायला लावलं. गावच्या विहिरीत मुटके मारलेला माणूस मी, भीती अशी नव्हतीच. मासा बघायचा हे निमित्त. तिला बापाबरोबर आठवडाभर राहायचं होतं. पाळ्यांच्या नादात तिच्या लहानपणी मी घरात कमीच होतो, हे तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. मीही विषय काढला नाही. आम्ही दोघे या बाबतीत सारखे.

पाण्याखाली जोडी असते. मी तिचा जोडीदार, ती माझी. उतरण्यापूर्वी एकमेकांचं सामान तपासायचं, खाली एकमेकांवर नजर ठेवायची. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "बाबा, तू सेफ्टीवाला. मला काळजीच नाही."

बोटीचा प्रमुख पुण्याचा होता, पस्तिशीचा, गोड बोलणारा, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. आणि मागच्या बाजूला कॉम्प्रेसरपाशी सिलिंडर भरणारा, उतरण्यापूर्वी सगळ्यांचे व्हॉल्व्ह उघडून देणारा तो माणूस. बंगालचा, माझ्याच वयाचा असेल. मी बोईसरचा म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "बोईसर? हमारा गाँव का कितना लोग उधर कंपनी में है." त्याचा मेव्हणा कुंभवलीला चार जणांत खोली घेऊन राहतो म्हणाला. "सर, उधर काम मिलेगा हमको? ये समुंदर का नौकरी में घर जाने को नहीं मिलता." मी म्हटलं, बघू, नंबर दे. नंबर घेतला. असे नंबर मी नेहमी घेतो.

आता त्या व्हॉल्व्हचं सांगतो.

आमच्याकडे वाफेचा असो, पाण्याचा असो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि पाव फेरा मागे आणायचा. म्हणजे तो उघड्या जागी जाम होत नाही, आणि पुढच्या पाळीच्या माणसाने हात लावला तर चाक हलतं, त्याला कळतं. माझ्या पहिल्या फोरमनने हे मला मनगटावर फटका मारून शिकवलं होतं. मी पुढे किती पोरांना शिकवलं त्याला हिशोब नाही. झोपेतसुद्धा माझा हात तेवढंच करील.

त्या दिवशी सकाळी कुणीतरी वरून ओरडलं की पाण्यात सावली दिसतेय. एकच धांदल. प्रमुख टाळ्या वाजवत होता, "चला काका, चला मावशी, तो थांबणार नाही आपल्यासाठी." मुलगी बाकावर बसलेली, पाठीला सिलिंडर अडकवलेलं, पायात पोहायचे पंखे चढवत होती. तिने श्वास घेऊन बघितलं होतं, हवेचा काटाही बघितला होता. मी तिच्या समोर उभा राहून तिच्या खांद्यावरून वाकलो आणि व्हॉल्व्हला हात घातला. काही गरज नव्हती. हात गेला.

समोरून वाकल्यावर चाक उलट्या बाजूने हातात येतं. उघडायचं म्हणून मी फिरवलं ते बंद होण्याकडे. आणि ते फिरत राहिलं. पूर्ण उघडं असतं तर फिरलंच नसतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण मला काय वाटलं ते सांगतो, कारण सगळ्यात वाईट तेच आहे. मला वाटलं, बघा, त्या सिलिंडरवाल्याने अर्धंच उघडलंय. या लोकांना काही धड करता येत नाही. आणि मी बरं वाटून घेतलं. चाक अडेपर्यंत फिरवलं, शिस्तीत पाव फेरा मागे आणलं, मुलीच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हटलं, "ओके."

तेवढ्या फटीतून वर श्वास व्यवस्थित येतो. खोल गेलं की पुरत नाही.

खाली गेलो. तो मासा आला. त्याचं वर्णन करायला मला आता लाज वाटते. एस.टी.एवढा लांब, अंगावर पांढरे ठिपके, तोंड उघडं टाकून असा सावकाश आला की जणू आम्ही कुणी तिथे नव्हतोच. मी त्याच्यामागे पोहत गेलो. जोडीदार सोडून. माझ्यामागे माझ्या मुलीला हवा ओढावी लागत होती आणि येत नव्हती. ती माझ्याकडे वळली तेव्हा मी तिथे नव्हतो. तिने चेन्नईच्या एका बाईंचा दंड धरला. त्या बाईंनी आपली जादा नळी तिच्या तोंडात दिली, आणि प्रमुखाने मागून येऊन तिचा व्हॉल्व्ह उघडला. तेवढ्यात मी मागे बघितलं. प्रमुख चाक किती फेरे फिरवतोय ते मला लांबून दिसलं, आणि काय झालंय ते मला त्याच क्षणी समजलं. शंभर टक्के समजलं.

वर आल्यावर मुलगी कोरड्या उलट्या काढत होती. तिला घोंगडी दिली, चहा दिला. प्रमुख थेट मागे गेला. त्याचा गोडवा संपला होता. "टैंक बंद छोड़ा तूने. मर जाती वो."

तो माणूस म्हणाला, "हम पूरा खोला था सर. सबका पूरा खोला था."

"तो बंद किसने किया? मछली ने?"

दोघे-तिघे हसले. भीती गेली की लोक हसतात. मग प्रमुख माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही या लाइनमधले. तुम्हीच सांगा."

मी काय म्हणालो असेन? आमच्याकडे अपघात झाला की चौकशी बसते, आणि मी किती चौकश्यांना बसलोय. कुणी भाजलं, कुणी गॅसने पडलं. टेबलावर बिस्किटं येतात. सगळ्यांना आधीच ठाऊक असतं काय निघणार. कंत्राटी कामगाराचा निष्काळजीपणा. पंप जुना होता हे कुणी म्हणत नाही, बदलीची माणसं दिली नव्हती हे कुणी म्हणत नाही. पालघरच्या दवाखान्यातल्या खाटेवर पडलेल्या माणसाला विचारायला कुणी गेलेलं नसतं. ते शब्द इतक्या वर्षांत माझ्या तोंडात बसलेत. मी बोटीवर, ओल्या अंगाने, माझी मुलगी घोंगडीत थरथरत असताना, म्हणालो, "ह्यूमन एरर. धावपळीत होतं असं."

खोटंही नव्हतं. अशी वाक्यं कधीच खोटी नसतात, त्यासाठीच ती बनवलेली असतात.

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी टॉवेलने कान पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाजीपाला आणि पाणी घेऊन एक छोटी होडी आली, त्यातून त्याला उतरवून दिलं. एक पिशवी, एक गुंडाळलेली चटई. रात्रभर होता माझ्याकडे वेळ. सकाळचा होता. होडी बोटीला लागून भाजी उतरवत होती तोवरही होता. मुलगी म्हणाली, "बाबा, फार झालं ना हे? वॉर्निंग द्यायची." मी म्हटलं, "त्यांचं ते बघतील." उरलेले दिवस आम्ही आणखी मासे बघितले. मी जेवलोसुद्धा चांगला.

पावसाळा उलटल्यावर मुलगी घरी आली. उमरोळीच्या मित्राकडे लग्न होतं, तिथून परत येताना गाडीत ती बायकोला तोच प्रसंग सांगायला लागली. "तो माणूस विसरला ना व्हॉल्व्ह उघडायला, नशीब म्हणून वाचले." सहज, शंभरदा सांगितलेली गोष्ट सांगावी तशी. मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "तो विसरला नव्हता. मी बंद केला." आणि कसा केला तेही सांगितलं, हाताने दाखवून.

मागून ट्रक हॉर्न मारत गेले. मग मुलगी म्हणाली, "चूक झाली ते जाऊ दे. मी पण केली असती. पण तू तिथे उभा होतास, बाबा."

"हो."

"तो म्हणत होता, पूरा खोला था. आणि तू कान पुसत होतास. मला आठवतंय ते."

बायको म्हणाली, "अगं, तेव्हा घाबरले असतील ते."

"हा घाबरला नव्हता, आई. हा कामावर होता."

घरी उतरताना ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्या बोटीवरच्यांना सांग."

प्रमुखाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा गोड झाला. "काका, जुनी गोष्ट झाली. ताई ठीक आहेत ना? मग झालं. आता आमच्याकडे दुसरा माणूस आहे." मी म्हटलं, मग निदान इतर बोटवाल्यांना सांगा की त्याची चूक नव्हती. "असं कसं सांगू? म्हणतील, गेस्ट व्हॉल्व्हला हात लावतात आणि तुम्ही बघत नाही."

मग त्या माणसाला लावला. नंबर होताच माझ्याकडे. सगळं सांगून टाकलं.

"हो गया आपका?" तो म्हणाला. "सर, हमको मालूम है हमने खोला था. ये बताने को फोन किया?"

मी म्हटलं, माफी मागतो.

"माफी रखो आप. कोई बोट हमको लेता नहीं. सबको बोल दिया है, ये आदमी टैंक बंद छोड़ता है. उनको फोन करो ना. हमको क्या करते हो."

आणि त्याने ठेवला. मला त्याचा राग आला, खरं सांगतो. मी स्वतःहून कबूल केलं आणि हा माणूस धड ऐकूनही घेत नाही. असा राग. संध्याकाळपर्यंत तो टिकला. मग माझीच मला किळस आली.

त्या सहलीचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात अजूनही लोक माशांचे फोटो टाकत, आणि प्रमुख पुढच्या सहलींच्या जाहिराती. दुसऱ्या बोटींची माणसंही त्यात होती. मी तिथे आवाज रेकॉर्ड करून टाकला, हिंदीत, सगळ्यांना कळावा म्हणून. व्हॉल्व्ह मी बंद केला, मी कारखान्यात सेफ्टीत आहे, मला समजलं होतं आणि मी गप्प बसलो, त्या माणसाची चूक नव्हती. चेन्नईच्या बाईंनी लगेच लिहिलं की हे तेव्हाच बोलायचं होतं. एकाने लिहिलं, इतक्या छान ट्रिपच्या आठवणी कशाला खराब करायच्या. बाकी कुणी काही नाही. प्रमुखाचा फोन आला. काका वगैरे काही नाही आता. "माझ्या बोटीचं नाव घालवलंत तुम्ही."

मी म्हटलं, "त्याचं घालवलंत तेव्हा मी हजर होतो. आता त्याला घ्या, नाहीतर कुणाला घ्यायला सांगा. मी रोज टाकीन हे ग्रुपवर."

त्याने मला ग्रुपमधून काढलं. मग मुलीने तेच रेकॉर्डिंग तिच्या नंबरवरून टाकलं. तिलाही काढलं. तिने ते आणखी चार ठिकाणी टाकलं; तिच्या ओळखी या जगात माझ्यापेक्षा खूप आहेत. तेव्हा कुठे पंधरा दिवसांनी प्रमुखाने मला एक ओळ पाठवली, की एका दुसऱ्या बोटीवर त्याचं काम झालंय, आता बस करा.

मी त्या माणसाला फोन केला. उचलला. मागे इंजिनाचा आवाज होता.

"हाँ, मिला," तो म्हणाला. "डेक धोने का, बर्तन का."

"और कॉम्प्रेसर?"

"नहीं सर. बोला है, टैंक को हाथ नहीं लगाना."

मी म्हटलं, पण मी तर सगळ्यांना सांगितलं की तुझी चूक नव्हती. तो म्हणाला, "सुना सबने. फिर भी. एक बार नाम लग गया तो लग गया." मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

हे मी मुलीला कळवलं. उद्या माझी पहिली पाळी आहे. बंद ठेवलेला एक रिअॅक्टर पुन्हा सुरू करायचाय, आणि वाफेच्या लाइनवरचे सगळे व्हॉल्व्ह मी स्वतः फिरवून बघावेत असं वरून आलंय. मला कुणीही म्हणालेलं नाही की हात लावू नका.