सोनिकाची दिवसाची शिफ्ट

बाबांची तेरवी आटोपली आणि सोनिका मिहानमधल्या ऑफिसात परत रुजू झाली. जेवणाला चव नव्हती, कुणी हाक मारली तरी तिला ती उशिरा पोचायची. बेसाच्या घरी आई, शोभाताई, एकट्या. अंधार पडला की जिन्यात पाऊल वाजलं तरी दचकायच्या. सोनिकाची शिफ्ट दिवसाची, म्हणून रात्री निभत होतं. ही शिफ्ट तेवढी जाऊ नये, एवढं एकच तिला कळत होतं.

सगळ्यांच्या शिफ्ट एक्सेलच्या एका रकान्यात असायच्या. ऑडिटच्या आठवड्यापुरत्या तिच्या साहेबांना, सुमंत सरांना, वेगळ्या छापून हव्या होत्या. सोनिकाने मॅक्रो लिहिला, म्हणजे एक्सेलने आपोआप करायच्या कामांचा छोटा प्रोग्राम. जुन्या शिफ्ट अ‍ॅरेत, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या यादीत, ठेवायच्या, नव्या भरून छापायच्या, मग जुन्या परत टाकून फाइल सेव्ह. डोळे मिटून करण्यासारखं काम. आणि बाईने केलंही डोळे मिटूनच!

अ‍ॅरेत तिने शिफ्ट ठेवल्याच नाहीत. हाताच्या सवयीने ‘सेट’ हा शब्द लिहून त्या ज्या चौकोनांत होत्या त्या सेलचे नुसते पत्ते ठेवले. आता सांगा, शेजाऱ्याचा पत्ता लिहून घेतला म्हणजे शेजारी आपल्या घरी राहायला येतो काय? सेलमध्ये नवी शिफ्ट आली तशी अ‍ॅरेलाही नवीच दिसू लागली. परत टाकल्या त्याही नव्याच, आणि फाइल सेव्ह झाली. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवायची तिची रीत होती. या वेळी तेही राहिलं.

तिच्या नावापुढे आता ‘रात्र’ होतं.

“मी तं सकाळीच होतो सर,” विक्की म्हणाला. पायलही तेच म्हणाली, मग जो तो तेच सांगू लागला. सर वैतागले. “बस झालं! जे दिसून राहिलं तेच आता पक्कं. सोनिका, तुझी तेवढी सांग, कोणती होती?”

सगळे तिच्याकडे पाहत होते. दिवसाची म्हटली तर चूकही हिचीच आणि सोयही हिचीच, कोण मानणार?

“रात्रीचीच,” ती म्हणाली. म्हणताना काहीच वाटलं नाही.

घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. ताट वाढता वाढता शोभाताई म्हणाल्या, “मंग मी दिवसाच झोपत जाईन वं, तू घरी राहशील तवा. रात्री जागीन. तुया बाबाजवळ दवाखान्यात जागून जागून सवय झाली मले.”