मेलेल्या मेंढरांचा धनी

"नीट ओळीत लाव. ढिगाचा पंचनामा होत नाही."

तालुक्याहून आलेला कारकून नाकाला रुमाल लावून माझ्या बापाला सांगत होता. आबा मेलेली मेंढरं एकेक उचलून ओळीत ठेवत होता. पाय धरून ओढली असती तर लवकर उरकलं असतं. पण तो प्रत्येक मेंढीला कोकरासारखं छातीशी धरून आणत होता.

आम्ही धनगर मेंढरं मोजत नाही. मोजली की घटतात, असं आमची माणसं मानतात. कारकून बुटाच्या टोकानं एकेकीला ढोसत मोजत गेला.

स्वराज्य नुकतंच आलं होतं. कडेगावच्या अलीकडं एका रानात आमचा कळप बसला होता. रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांनी रान खतवायचं, बदल्यात मालकानं धान्य द्यायचं, ही आमची जुनी रीत. त्या उघड्या रानात गारा कोसळल्या. मी सांगलीला कॉलेजात होतो. आमच्या भावकीतला पहिलाच. निरोप मिळाला तसा आलो. एक कोकरू मेलेल्या आईला लुचत होतं. माझी आई त्याला ओढून बाजूला करायची, ते पुन्हा तिथंच जायचं.

गारपिटीत ज्यांची जनावरं गेली त्यांना सरकार मदत देणार, अशी दवंडी झाली होती. त्यातून थोड्या गाभण मेंढ्या घेता आल्या असत्या. कळप पुन्हा उभा राहिला असता. नाहीतर आबाला दुसऱ्याच्या हाताखाली राबायला जावं लागणार होतं.

ओळ लागली. कारकुनानं विचारलं, "रान कुणाचं?"

"माजं," छत्रीखाली उभा असलेला मालक म्हणाला.

"मग नुकसान तुमच्या नावावर. याला ना घर ना जमीन. आज इथं, उद्या कुठं. मदत द्यायला याला शोधायचं कुठं?"

आबा हात जोडून म्हणाला, "आवं रावसायेब, मेंढरं माजी हायती."

"तुझं नाव लिहिलंय का त्यांच्या पाठीवर?"

जमलेले गावकरी हसले. मालकही हसला. मग समजुतीनं म्हणाला, "गड्या, मी काय तुला उपाशी ठिवतोय व्हय? जोंधळा घिऊन जा की. मेंढरं माजी हुती, असं लिवल्याल्या कागदावर अंगठा तेवढा दे." माझ्याकडं वळून म्हणाला, "आन् तू रं, कालीजवाल्या, साक्षीला सही कर. धनगराच्या पोराची सही कशी असती, बघू तरी."

आबानं एकदा आईकडं पाहिलं. अंगठा पुढं केला. कारकुनानं त्याला शाई लावली.

मी आबाचं मनगट धरलं. वर्गात उत्तर येत असूनही मी उभा राहत नाही. त्या दिवशी मात्र बोललो.

"सही करणार नाही. आबा, तुमीबी अंगठा देऊ नका. मेंढरं आपली हायती."

"मग जोंधळाही नाही, काहीच नाही," कारकून म्हणाला.

"नको."

ते निघून गेले. आबानं शाईचा अंगठा मातीत पुसला. मला शाबासकी दिली नाही. खाली बघूनच म्हणाला, "लेकरा, जोंधळा तरी आला असता रं."

मी कुदळ उचलली. आम्ही खड्डा खणला आणि मेलेली सगळी मेंढरं पुरली. गारांतून वाचलेली थोडी आईच्या दुखण्यात विकली गेली. आबा आता कराडच्या रस्त्यावर खडी फोडतो. संध्याकाळी कुणाचाही कळप जाताना दिसला की हातोडा खाली ठेवतो.

मी कॉलेज सोडलेलं नाही. पुढं कायदा शिकणार आहे. मेलेली मेंढरं परत येणार नाहीत, हे मला कळतं. पण त्यांचा धनी माझा बाप होता, हे तालुक्याच्या त्याच कचेरीत लिहून घेईन. आबा जिवंत असताना. त्याच्यासमोर. तोवर कुणी कितीही हसलं तरी त्या दारातून हलणार नाही.