मुहूर्तावर सुरू झालेला कॉम्प्युटर

दसरा, २००४. नवीन जालन्यातलं बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस. हजर: शेठजी, हिशेबाचे काका, भोकरदनला हरभऱ्याचं बियाणं नेणारे ड्रायव्हर मामा आणि ऑफिसची व्यवस्था बघणारी मी. गैरहजर: कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, सणाची सुटी.

यंत्रांची पूजा होती. सगळे कॉम्प्युटर पुसून, हळदीकुंकू लावून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. मग शेठजींनी मुहूर्तावर स्वतःच्या हातानं आपला कॉम्प्युटर आधी सुरू केला. सर्व्हर शेवटी, कारण त्याच्यावर प्रसादाचं ताट होतं.

मामांना चलन हवं होतं. ट्रक भोकरदनला रिकामा करून त्यांना संध्याकाळी वाटूरला, घरी सोनं वाटायला पोहोचायचं होतं. चलनाचं फोल्डर सर्व्हरवर. काकांनी नेहमीसारखं सर्व्हरचं नाव टाकलं, तर असं फोल्डरच नाही, असा निरोप.

मी त्याच नावानं सर्व्हरला पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून पाहिलं. लगेच उत्तर आलं.

"जित्ता हाय की मंग," मामा म्हणाले. "दार का उघडून न्हाई राह्यला?"

हाका चालूच ठेवून मी सर्व्हरची नेटवर्कची केबल काढली, झटकली. तेवढ्यात काका म्हणाले, "मॅडम, केबल तुमच्या हातात हाय, अन् सर्व्हर अजून उत्तर देऊन राह्यलाय. पूजा जरा जास्तच लागू झाली."

तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे रात्री मेन स्विच बंद. सकाळी जो कॉम्प्युटर आधी सुरू होईल, त्याला नेटवर्कचा डबा पहिला नंबर देई. रोज आधी सर्व्हरच सुरू होत असल्यामुळे दुरुस्तीवाल्यानं सगळ्या कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलं होतं, की सर्व्हर म्हणजे पहिला नंबर. आज पहिला नंबर शेठजींना गेला होता. हाक सर्व्हरला जात होती आणि ओ शेठजींचा कॉम्प्युटर देत होता.

"शेठजी, सगळं एकदा बंद करून पुन्हा..."

"मुहूर्तावर सुरू केलेलं? बिलकुल न्हाई."

"मामांच्या घरी वाट बघत असतील."

"मग दुसरी वाट काढा. बंद करायचं न्हाई."

केबल परत लावली. सर्व्हरच्या पडद्यावर त्याचा आजचा नंबर पाहिला आणि काकांच्या कॉम्प्युटरवर नावाच्या जागी तो नंबरच टाकला. फोल्डर उघडलं, चलन छापून निघालं.

मामांनी जाताना आपट्याचं एक पान शेठजींच्या कीबोर्डवर ठेवलं. "नाव कुणाचंबी घ्या, ओ देतो. असा गडी पायजे."

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे आधी सर्व्हर सुरू केला. सगळं बराबर चाललं. माळा काढल्या, कुंकू पुसलं, प्रसादाचं ताट शेठजींच्या घरी पोहोचवलं. सगळं बराबर चालल्यामुळेच माझ्या कामांच्या यादीतलं एक काम अजून खोडायचं राहिलंय: सर्व्हरला कायमचा नंबर देणे.