सड्यावरचा चोर

मी ज्या मुलाला मारलं तो पहिल्या वर्षाला होता, मी तिसऱ्या. आमच्या मेडिकलच्या हॉस्टेलात नियम होता की सीनियरसमोर उभं राहायचं तर नजर आपल्याच शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. त्या संध्याकाळी डोळ्यांच्या विषयाच्या तोंडी परीक्षेत दुसऱ्यांदा आपटून मी परत आलो, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि हा जिन्यात भेटला. त्यानं मान वर केली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सर, तुम्ही जेवलात का?"

कानाखाली वाजवली असं म्हणतात, पण माझा उघडा पंजा नेमका कानावर बसला. तो कठड्यावर आपटला. त्यानं डोळे मिटून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी कॉलर धरून त्याला उठवलं आणि आणखी एक ठेवून दिली. डाव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ खांद्यावर आला तेव्हा थांबलो. पडदा फाटला होता. खोटं कशाला सांगू, पहिल्या फटक्यानंतर मला बरं वाटलं होतं.

पोरांनी तासाभरात ठरवून टाकलं: तो जिन्यावरून पडला. त्यानंही तसंच लिहून दिलं. पहिल्या वर्षी मलाही पट्ट्यानं फोडून काढलं होतं, तेव्हा मी तरी कुठे तोंड उघडलं होतं? पूर्वापार चालत आलेलं. गेल्याच महिन्यात कॉलेजात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर व्याख्यान झालं होतं. हजेरी सक्तीची, वर एक समोसा. पण कुणीतरी निनावी तक्रार केली आणि चौकशी बसली. मला पंधरा दिवस घरी पाठवलं आणि येताना लेखी जबाब आणायला सांगितलं. 'तो पडला' एवढं लिहून सही केली की मी सुटणार होतो. खरं लिहिलं तर वर्ष जाणार होतं, कदाचित कॉलेजही.

घरी सांगितलं, शिमग्याची सुट्टी आहे.

आमचं गाव मालवणपासून थोडं आत. वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार, आणि सड्यावर कातळात आडवा कोरलेला, दोन पुरुष लांबीचा एक माणूस. गाव त्याला चोर म्हणतो. देवाचं काहीतरी चोरलं आणि पळता पळता दगड झाला, एवढीच गोष्ट. शिमग्याच्या शेवटच्या दिवशी घरटी एकानं त्याला दगड मारायचा. लागला तर वर्षभर घरात चोरी नाही, दुखणं नाही. माझा नेम लहानपणापासून पक्का. त्याचं तोंड पार फुटून गेलं होतं, त्यात माझाही वाटा होता. कमरेखालचा भाग तर दिसतच नव्हता, कारण मारलेला दगड उचलायचा नाही अशी रीत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा ढीग तिथे साचलेला.

त्या वर्षी पुरातत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या. तारकर्लीला उतरायच्या आणि रोज स्कूटरनं वर यायच्या. हे कोरणारे लोक फार जुने, बहुधा शेती माहीत नसलेले, असं सांगायच्या. गावकऱ्यांना पटवून, देवाला नारळ ठेवून त्यांनी ढीग हलवायची परवानगी काढली. घरात तो जबाबाचा कोरा कागद बघवेना, म्हणून मी त्यांच्या हाताखाली दगड उचलायला गेलो.

पाचव्या दिवशी ढीग संपला. मॅडमनी झाडूनं माती लोटली आणि विचारलं, "याचे पाय असे का फाकलेले? नाचतोय की काय?"

मी वाकून बघितलं. मी लेबर रूममध्ये महिनाभर उभा राहिलेलो. गुडघे दुमडून बाहेर वळलेले, आणि मध्ये एक छोटं वाटोळं डोकं.

"मॅडम, हा पुरुष नाही," मी म्हणालो. "ही बाळंत होतेय."

त्यांनी खाली बसून त्या डोक्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की खात्रीनं सांगता येणार नाही, जपून लिहावं लागेल. मला मात्र खात्री होती. कळा देणाऱ्या बाईला सगळा गाव मिळून दगड मारत होता, आणि तिला झाकलं होतं तेही आमच्याच दगडांनी. मला माझीच शिसारी आली.

शेवटच्या दिवशी ढोल वाजवत गाव वर आला. सगळ्यात पुढे माझा चुलतभाऊ, ज्यानं मला नेम धरायला शिकवलं तो.

"दादा, नको मारू," मी म्हणालो. "बायलमाणूस आसा ता. बाळंत होता."

तो हसला. "आज्यान मारल्यान, बापाशीन मारल्यान, तेव्हा तू खंय होतंस? बाय असूंदे नायतर बापयो. रीत ती रीत."

त्यानं दगड मारला. तो बरोबर त्या छोट्या डोक्यावर बसला आणि कातळाचा टवका उडाला.

पुढचं मला तुटक आठवतं. मी त्याच्या छातीवर बसलो होतो. त्याचं नाक फुटलं होतं, त्याचा दात माझ्या बोटात रुतला होता, ढोल थांबला होता. मी पंजा उघडून हात वर नेला, तेव्हा दादानं डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जिन्यातल्या त्या पोरानं अगदी असंच केलं होतं. आणि मला बरं वाटत होतं, जिन्यात वाटलं होतं तसंच. या वेळी तर माझी बाजू खरी होती, तरी तेवढंच.

बाबांनी मला ओढून बाजूला काढलं. मग गावानं उरलेले दगड मारून घेतले. मॅडम कॅमेरा पोटाशी धरून उभ्या होत्या.

घरी येऊन सुजल्या हातानं जबाब लिहिला. जिना, बटण, त्याचा प्रश्न, दोन फटके. कॉलेजात देण्याआधी त्या मुलाला कळायला हवं म्हणून त्याला फोन लावला.

"सर, मी पडलो असंच सांगितलंय," मी काही बोलायच्या आत तो म्हणाला. "अजून काही लिहून देऊ का?"

"नको," मी म्हणालो. "मी तुला मारलं असं लिहिलंय. तू काही केलं नव्हतंस."

पलीकडे थोडी खरखर झाली.

"एक मिनिट सर, फोन डाव्या कानाला होता," तो म्हणाला. "आता या कानाला घेतलाय. काय म्हणालात?"

मी ते पुन्हा, पहिल्यापासून सांगितलं.