चौथं फडकं

आमचे हे लष्करात मेकॅनिक होते. घरचा नळ दुरुस्त करायचा असला तरी आधी चार फडकी मोजून घेत आणि काम झाल्यावर पुन्हा मोजत. मी वैतागायची, "फडकी काय पाय फुटून पळतात?" त्यावर हे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे.

निवृत्तीनंतर यांनी भंगारातून एका लष्करी जीपचं जाम झालेलं इंजिन आणलं. इंजिनावरचा नंबर शोधून मुद्दाम तेच आणलं होतं, ते मला मागाहून कळलं. मागच्या खोलीत, माझ्याच परातीत नटबोल्ट टाकत यांनी तळाचं तेलाचं चेंबर उघडलं. आत तेल ओढणाऱ्या जाळीला एक काळं, कुजकं फडकं चिकटलं होतं.

"माझंच आहे," हे म्हणाले. "ही जीप दुरुस्त केली त्या दिवशी मोजायचं राहिलं. तेल चढलं नाही, गोळीबारात जीप बंद पडली. ड्रायव्हर परत आला नाही."

सहा महिने खपून यांनी इंजिन जोडलं. पहिल्याच झटक्यात ते सुरू झालं. मी म्हटलं, "सुटलात हो एकदाचे!"

यांनी इंजिन बंद केलं, पाना उचलला आणि चेंबर पुन्हा खोलायला घेतलं.

"आता काय झालं?"

"आत काही राहिलं नाही ना, बघतो."

चारही फडकी यांच्या मांडीवर होती.